भिंतीवरचा घोडा

“कल्पनाशक्ती!” शाळेच्या समुपदेशक बाईंनी गुणांच्या कार्डांच्या गठ्ठ्यातले एक पिवळे कार्ड लेकीपुढे ठेवले. “हे तुझं बलस्थान. पुढच्या वर्षी विज्ञान सोड, चित्रकला घे. मन रमेल.”

पुरावा भिंतीवर टाचलेला होता: लेकीने काढलेला घोडा.

“तो घोडा नाहीये,” लेक म्हणाली. “टेबल आहे. प्रयोगशाळेतलं.”

आईला हसू आवरले नाही. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करीत असे; नमुन्यावर भलतीच चिठ्ठी चिकटली की पुढे काय होते, हे तिला ठाऊक होते.

“डिस्लेक्सिया असला की कल्पनाशक्ती आपसूक जास्त येते, याला आधार काय, मॅडम?”

“आधार राहू द्या, ताई. पुस्तक उघडलं की ही मिटून जाते. परवा विज्ञानाच्या तासाला बाथरूममध्ये जाऊन रडली. सांगितलं का तुम्हाला?” बाईंचा आवाज मऊ झाला. “उणिवा उगाळत बसण्यापेक्षा जे आहे ते फुलवावं. एवढंच माझं शास्त्र.”

लेकीने सांगितले नव्हते. शास्त्रही वाईट नव्हते आणि बाईही वाईट नव्हत्या. शिवाय आई दमली होती. रोज संध्याकाळी लेक एखाद्या शब्दापाशी अडखळे आणि दुसऱ्या अक्षरालाच आई तो पुरा करून टाके. मायेपोटी, थोडेसे चुलीवरचे करपू नये म्हणूनही. विषय बदलायच्या संमतीच्या कागदावर एक सही केली की हे सारे सुटणार होते. तिने पेनाचे टोपण काढले.

“थांब ना, आई. माझं कार्ड मी निवडणार.”

लेकीने गठ्ठा पुढ्यात ओढला. ओठ हलवीत ती एकेक कार्ड वाचू लागली, बाजूला ठेवू लागली. बाईंनी घड्याळाकडे पाहिले. गठ्ठा संपत आला, तेव्हा तिने शेवटचे कार्ड उचलले आणि पहिल्या अक्षराखाली बोट टेकवले.

“आ... आज्...”

आईने तो शब्द केव्हाच वाचला होता. तो जिभेच्या टोकावर आला, तोच टेबलाखालून लेकीने तिचे मनगट घट्ट धरले.

“सांगू नकोस हं.”

“मी मदत करू का, बाळा?” बाई पुढे झुकल्या.

“नको, मॅडम,” आई म्हणाली. “वाचू दे तिला.”

घंटा झाली. बाहेरून मुलांचा लोंढा गेला, पुन्हा सामसूम झाली. लेकीच्या कपाळावर घाम होता. बोट पुढे सरके, मागे येई, पुन्हा सरके. डोळे मात्र कोरडे ठणठणीत होते.

“आज्ञा... धारक... पणा. आज्ञाधारकपणा. बरोबर?”

“अगदी बरोबर!” बाईंचा चेहरा उजळला. “म्हणजे हे तुझं...”

आईने पेनाला टोपण लावले.

“विज्ञान मी सोडणार नाही, मॅडम,” लेकीने कार्ड त्यांच्या हातात ठेवले. “आणि हे परत घ्या. सगळी वाचून पाहिली. एवढं एक माझ्यात नाहीये.”