तीस दिवसांची मुदत

“एकदाच दाखव. आई घरात चालताना बघायचीय मला,” ताई म्हणाली.

कॅमेरेवाल्यानं मान डोलावली आणि आई वारल्यापासून तिसऱ्यांदा सांगितलं की आईच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड सापडत नाहीये. लोकांच्या घरात कॅमेरे बसवणं हा त्याचा धंदा. शे-दीडशे घरांचे पासवर्ड त्याच्या डायरीत होते, आणि सख्ख्या आईच्या घरचा तेवढा सापडेना. ताईनं विश्वास ठेवला. ती भोळी नव्हती, पण भावावर संशय घ्यायची तिला सवय नव्हती.

पासवर्ड त्याला तोंडपाठ होता. भीती होती ती यादीची. आईच्या घरातला तो कॅमेरा नुसता बघत बसायचा नाही. जे हलेल त्याच्याभोवती हिरवा चौकोन काढायचा, तो चौकोन त्याच्या मागे मागे फिरवायचा आणि खाली लिहायचा: माणूस, मांजर, पिशवी. शिवाय यादीही करायचा, की कोण किती वेळा आलं आणि किती वेळ थांबलं. आई आजारी पडायच्या आधीच्या महिन्यात दूधवाला तीस वेळा आला होता. शेजारची मांजर त्रेसष्ट वेळा. कॅमेरेवाला एकदाही नाही.

आणि ताईला तो दोन वर्षं सांगत आला होता की आपण एक दिवसाआड आईकडे जातो. ताई परगावी राहायची. तिनं आईला आपल्याकडे न्यायचं ठरवलं होतं, खोलीसुद्धा रिकामी करून ठेवली होती. हाच आडवा आला. मी गावात असताना आई लेकीकडे कशाला, असं म्हणाला. लोक काय म्हणतील ही खरी काळजी, पण ते बोलून दाखवतो कोण? ताईनं त्याच्या भरवशावर आईला इथे ठेवलं. आता खरं कळलं असतं तर तिनं जन्मात त्याचं तोंड पाहिलं नसतं, आणि तिच्याशिवाय त्याला आपलं म्हणायला कुणी उरलं नव्हतं.

हातानं पुसून टाकायची सोय नव्हती. पुसलं की कुणी पुसलं, कधी पुसलं, याची नोंद राहते. हे तो स्वतःच गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचा. पण तीस दिवस झाले की जुनं चित्रण आपोआप जातं, त्याची यादीही जाते. आपोआप गेलेल्याचं पाप कुणाच्या माथी बसत नाही. फक्त कॅमेरा चालू राहायला हवा, म्हणून आई गेल्यावर कुलूपबंद घरातसुद्धा त्यानं तो चालू ठेवला. आई दवाखान्यात गेली त्या दिवसापासून तो दिवस मोजत होता. शरम वाटायची, तरी मोजायचा.

एकतिसाव्या दिवशी पासवर्ड सापडला. ताई पुढच्याच गाडीनं आली. दुपारी दोघं आईच्या पलंगावर लॅपटॉप ठेवून बसली. आधी आई गेल्यावर भेटायला आलेली माणसं दिसली. त्यानंतर बंद घर. आई कुठेच नव्हती.

“उशीर झाला गं,” तो म्हणाला. “तीस दिवसांच्या वर राहत नाही यात.”

ताईनं एका शब्दानं दोष दिला नाही. उलट त्याच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, तुझी तरी काय चूक. त्याचा जीव भांड्यात पडला. तो तिच्यासाठी पाणी आणायला उठला.

परत आला तेव्हा ताईनं पडद्याच्या कोपऱ्यातली चांदणीची खूण दाबली होती. चांदणी लावून जपलेलं चित्रण कधीच पुसलं जात नाही, हा नियम त्याच्याइतका कुणाला ठाऊक? कॅमेरा बसवला त्या दिवशी त्यानंच आईला तिच्या फोनमध्ये दाखवलं होतं, चोरबीर दिसला तर ही दाब म्हणून. म्हातारी ते लक्षात ठेवेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

चार तुकडे होते, आणि चारही त्याच्या येण्याचे. पहिल्यात तो हातात पपई घेऊन आत येत होता आणि आई लगबगीनं त्याच्यासाठी खुर्ची पुसत होती. ताईनं तोंडावर हात धरला. आई मिळाली होती. बघ, तुझंच जपून ठेवलंय तिनं, असं म्हणाली आणि तिला रडू फुटलं. दुसऱ्यात तो स्टुलावर चढून ट्यूब बदलत होता, आई स्टूल धरून उभी. तिसऱ्यात तो उभ्याउभ्या फोनवर बोलत होता आणि आई त्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावून देत होती. ताईचं रडणं थांबलं. ती तारखा बघू लागली. दोन वर्षांपूर्वीची. दीड वर्षापूर्वीची. गेल्या वर्षीची.

मग बाकीच्या फेऱ्या कुठे, असं ती आता विचारणार. त्यानं उत्तर तयार ठेवलं, की आईला दर वेळी चांदणी दाबायला कुठे जमणार? उत्तर चांगलं होतं. खपलंही असतं.

ताईनं ते विचारलंच नाही. चौथा तुकडा सुरू करायच्या आधी ती थांबली.

“यात तू निघताना दाराला डोकं आपटणार. आई हसणार, आणि मग तुझं कपाळ चोळणार.”

तिनं बटण दाबलं. पडद्यावरचा तो दाराकडे निघाला, वळून काहीतरी बोलला आणि दाराच्या चौकटीवर त्याचं डोकं आपटलं. आई हसली. मग चवड्यांवर उभी राहून त्याचं कपाळ चोळू लागली.

“तुला कसं माहीत?” त्यानं विचारलं.

“पपई, ट्यूब, बटण, कपाळ. आलटून पालटून हेच चार सांगायची. मला वाटायचं, वय झालं, बोललेलं विसरते.” ताईनं लॅपटॉप मिटला. “दर रविवारी फोन करायची रे. कालच येऊन गेला म्हणायची.”