अर्धा तास आधी

“आपली बातमी परत त्यांच्याकडं! आणि आपल्याच आधी!” पुण्याहून मुख्य संपादक कुमार सर फोनवर कडाडले. “सारिका, शनिवारपर्यंत घरभेदी शोध. नाहीतर भोरचं ऑफिस बंद. तुझ्यासकट.”

फोन बंद झाला.

सारिकानं मोबाईलवर ‘गावगोंधळ’ हे बातम्यांचं पेज उघडलं. सकाळचीच बातमी, नुसती झळकत होती: ‘नळाला नुसती शिट्टी, पाणी गेलं पाव्हण्यांकडं!’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची ही रांग. हीच बातमी सारिकानं ‘शहरातील पाणीपुरवठा विस्कळीत’ अशी लिहून पुण्याला पाठवली होती. पुण्याची मंडळी तपासून ती अर्ध्या तासानं टाकायची, आणि नेमक्या त्याच अर्ध्या तासात ‘गावगोंधळ’ हात मारायचं. चालवतं कोण? ना नाव, ना फोटो.

साप्ताहिकासाठी जाहिराती गोळा करत उन्हातान्हात फिरलेली सारिका आता डिजिटल संपादक होती. घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस आणि दारावर तिच्या नावाची पाटी. शाळेत जाणाऱ्या पोरी त्या पाटीखाली उभ्या राहून फोटो काढायच्या. ती पाटी उतरवायची? छे!

बातमी आधी ठाऊक असायची ती दोघांनाच. गावोगाव हिंडून बातम्या आणणारा प्रशिक आणि व्हिडिओ जोडणारा अजहर. दोघंही भावासारखे. पण भाऊच उलटतात, हे ती रोज बातम्यांत लिहीतच होती की!

तिनं फासा टाकला. भोरला शूटिंगचं कुणाला नवल नाही, पण मोठी हिरोईन म्हटली की बात वेगळी. प्रशिकला तिनं एकट्याला गाठलं. “पालीला रविवारी मोठ्या सिनेमाचं शूटिंग आहे. राजगडाच्या पायथ्याला. बातमी होईपर्यंत तोंड बंद.”

अजहरला सांगितलं, वरव्याला.

“वरव्याला?” अजहर हसला. “ताई, हिरोईन तिथं काय करणार? टोमॅटो खुडणार?”

“खुडू दे नाहीतर पेरू दे. तू कुणाला बोलू नकोस म्हणजे झालं.”

आता ‘गावगोंधळ’वर पाली आलं तर प्रशिक, वरवे आलं तर अजहर. सोप्पं!

आतून हाक आली. “सारिके, आज वाचनार न्हाईस व्हय?”

सासूबाई, सरूबाई. सारिका त्यांना आत्या म्हणायची. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या खाटेवरच होत्या. एके काळी बाजारात भाजी विकायच्या. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक मागं फिरावं. आता वेल्ह्याला झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या लेकीनं, वनितानं दिलेल्या जुन्या मोबाईलवर भीमगीतं ऐकत दिवस काढायचा. पुण्याला पाठवायच्या आधी प्रत्येक बातमी सारिका आत्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. आत्यांना कळली म्हणजे तालुक्याला कळणार, हा तिचा नेम.

“आज लिहिलंच नाही काही, आत्या.”

“असं कसं? तालुका झोपला का काय?”

म्हातारीचं मन कशाला मोडा? सारिकाच्या तोंडाला येईल ते गाव आलं. “भाटघरला शूटिंग आहे म्हणे. धरणाच्या कडेला. मोठी हिरोईन येणार, रविवारी.”

“आगं बया! आन् असंच कोरडं लिव्हशील. तुझ्या भाकरीला कदी चटनी म्हनून नसती बघ.” आत्यांनी मोबाईलसकट पांघरूण डोक्यावरून घेतलं. सारिका हसून बाहेर आली.

बाहेर प्रशिक अंगणात पाठमोरा उभा होता. मोबाईल कानाला, आवाज दबका. “...व्हय, रविवारी. पालीलाच. तू कुनाला बोलू नको.”

सारिकाचं डोकंच फिरलं. “कुणाशी बोलतोयस?”

प्रशिक दचकला. “ताई, ते गेनूसंगं...”

“कोण गेनू? ‘गावगोंधळ’वाला?”

“पालीचा गेनू हो! शूटिंगची खातरी करत हुतो. त्यो म्हनतोय, हितं कायबी न्हाई.”

“पुरे! किती दिवस चाललंय हे? माझ्या ताटात जेवून माझ्याच ताटात माती कालवलीस.”

प्रशिकचा चेहरा उतरला. गळ्यातलं पत्रकाराचं कार्ड काढून त्यानं आत येऊन ते हळूच टेबलावर ठेवलं. ते कार्ड त्याच्या आईनं गावभर दाखवलं होतं.

“ताई, तुमीच शिकवलं, दोन ठिकानाहून खातरी केल्याबिगर बातमी करायची न्हाई. माझी खातरी तुमी कुठून केली?”

सारिकानं मोबाईल उचलला.

“जय भीम, ताई,” एवढं म्हणून तो गेला. गाडीचा आवाज पार पुलापर्यंत ऐकू येत राहिला.

तिनं सरांना फोन लावला. प्रशिकचं नाव सांगितलं.

“शाबास!” सर म्हणाले. “त्याला कुठंच काम मिळणार नाही, ते मी बघतो. तुझं ऑफिस राहिलं.”

रात्री ते कार्ड टेबलावर तसंच पडलेलं दिसलं. पण पाटी तर वाचली, असं ती मनाला बजावत राहिली.

सकाळी मोबाईल टुणकन वाजला. अजहरचा निरोप होता: ‘ताई, हे बघितलं का?’ खाली ‘गावगोंधळ’ची बातमी. सारिकानं पाली शोधलं. पाली नव्हतं. वरवेही नव्हतं. तिनं पुन्हा वाचलं आणि मग खुर्चीचा हात घट्ट धरला.

‘भाटघरला हिरोईन येतीया, म्हशींनो, अंग खळबळून घ्या!’

आतल्या खोलीत भीमगीत थांबलं.

“सारिके,” हाक आली, “आज काय बातमी गं?”