दिवसाढवळ्या

कोबीच्या वाफ्यात सात ससे निवांत खात बसले होते, आणि त्यांच्यापासून चाळीस पावलांवर सुतळी कुत्री शेपूट पायांत घालून उभी होती.

“जा,” सिस्टर म्हणाली.

सुतळीनं सशांकडे पाहिलं, मग सिस्टरच्या हाताकडे. जागची हलली मात्र नाही.

सिस्टर सदतीस वर्षं दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाली तरी नाव तेच राहिलं. नवराही तिला सिस्टरच म्हणायचा. तो बसचा ड्रायव्हर. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मागच्या दारात खुर्ची टाकून बसायचा. सुतळी खरी त्याची. लांब पायांची, हाडकुळी, बघावं तर नुसती दोरी. तीन वर्षं तो तिला रात्री घेऊन निघायचा. बॅटरीचा झोत सशावर टाकला, की सुतळी सुटलीच. आता त्याला अंधारात सऱ्यांवरून चालता येत नव्हतं, आणि ससे असे सोकावले होते की भरदिवसा येऊ लागले. अर्ध्या वाफ्यात कोबीचे नुसते दांडे उरले होते.

म्हणून जावई आला होता. त्याच्या हातात विषाच्या गोळ्यांचा पुडा होता. माणूस भला, त्यानं सगळं नीट समजावून सांगितलं. गोळ्या बिळांत टाकल्या की आठवड्याभरात प्रश्न मिटेल. फक्त सुतळीला यापुढे साखळीनं बांधून ठेवावं लागेल, कारण मेलेला ससा तिच्या तोंडी लागला तर तीही जाईल. सिस्टरनं त्याच्याकडून दुपारपर्यंतचा वेळ मागून घेतला होता.

चार दिवस तिनं सगळं करून पाहिलं होतं. टाळ्या वाजवल्या, ओरडली, लाडीगोडी लावली. काल तर स्वतःच सशांमागे धावली आणि चिखलात आडवी झाली. सुतळीनं येऊन तिचा कान चाटला. ससे दोन वाफे पलीकडे सरकले आणि खात राहिले.

“नको छळूस तिला,” ड्रायव्हर दारातून म्हणाला. “ती दिवसाची नाही.”

सिस्टर सुतळीचे डोळे बघत होती. कुत्री पुन्हा पुन्हा तिच्या हाताकडे बघत होती, रिकाम्या हाताकडे, आणि मग सगळीकडे. वाफे, कुंपण, वाळत घातलेल्या चादरी, सात ससे. रात्री उजेड एकाच जागी पडायचा. आता तो सगळीकडे पडला होता. कुत्री घाबरलेली नव्हती. कुठल्या सशामागे पळायचं, हेच तिला कळत नव्हतं.

टाके घालायला आणलेली माणसं अशीच बघत सुटायची. सुई, कात्री, रक्त, डॉक्टरांचे हातमोजे. सिस्टर त्यांचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरून म्हणायची, माझ्याकडे बघा, दुसरीकडे नाही. भले भले शांत व्हायचे.

ती चिखलात गुडघ्यांवर बसली. दोन्ही तळवे तिनं सुतळीच्या डोळ्यांच्या कडेला झापडांसारखे धरले आणि तिचं तोंड हळूहळू वळवत एका थोराड, तपकिरी सशावर आणून थांबवलं.

“हा एवढाच,” ती तिच्या कानात म्हणाली. “बाकीचे माझ्यावर सोड.”

तळव्यांमध्ये सुतळीची थरथर जाणवत होती. मग ती थांबली. कान उभे राहिले. सिस्टरनं हात काढून घेतले.

सुतळी सुटली.

तपकिरी ससा उठेपर्यंत तिनं निम्मं अंतर कापलं होतं. तो डावीकडे वळला, तीही वळली. मातीची ढेकळं उडाली. बाकीचे ससे वाट फुटेल तिकडे पळाले. दारातल्या ड्रायव्हरचा ऑपरेशन झालेला पाय जमिनीवर असा दाबला गेला होता, की जणू खाली ॲक्सिलेटर होता.

ससा कुंपणाखालून निसटला. सुतळी तारांवर आदळली आणि उभी राहिली. सिस्टरला वाटलं, आता ही माघारी येणार, पुन्हा हाताकडे बघणार.

सुतळी वळली, पण सिस्टरकडे तिनं पाहिलंच नाही. एक ससा कोबीच्या आड दबून राहिला होता. तिनं मान खाली घातली, त्याच्यावर नजर लावली आणि आपली आपण निघाली. हा कुंपणापर्यंत पोचला नाही.

तिनं ससा आणून सिस्टरच्या पायाशी ठेवला. सिस्टरला उठायला जमेना. ती तशीच चिखलात बसून सुतळीच्या मानेवरून हात फिरवत राहिली आणि हसत राहिली. जावयानं पुडा पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि सासूबाईंना उठवायला हात पुढे केला.

ड्रायव्हर काठी टेकत वाफ्यापर्यंत आला होता. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. तो सुतळीकडे बघत होता.

“इतकी वर्षं मला वाटायचं,” तो म्हणाला, “हिला अंधार आवडतो.”

सुतळी बादलीतलं पाणी प्यायली. मग कोणी न सांगता वाफ्याच्या मधोमध गेली आणि कुंपणाकडे तोंड करून भर उन्हात बसली. तिला कोणी हाक मारली नाही.