लाल पेन्सिल

टीव्हीवर सभागृहाच्या मतदानाची घंटा वाजली तेव्हा सिस्टर वही उघडून बसल्या होत्या. प्रसूतिगृहातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी गल्लीला त्या सिस्टरच. वहीत पट्टीनं रेघा मारलेल्या, प्रत्येक विधेयकापुढे एक चौकट. पिंट्यानं, म्हणजे त्यांच्या आमदार मुलानं, पक्षासारखं मत दिलं की हिरवी खूण, पक्षाविरुद्ध दिलं की लाल. हिरवी पेन्सिल नखाएवढी उरली होती. लाल दुकानातून आणली तशीच, टोकसुद्धा न काढलेली.

आजचं विधेयक लहान गावांतली प्रसूतिगृहं बंद करण्याचं होतं. त्या यादीत त्यांच्या गावाचं नाव चौथं.

"ह्यांनी शब्द दिलाय," सून म्हणाली. तिला आठवा महिना. सुजलेले पाय समोरच्या खुर्चीवर. "परवा माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाले, एवढ्या एका बाबतीत पक्षाचं ऐकणार नाही."

सिस्टरांनी लाल पेन्सिलीला टोक काढलं.

पडद्यावर नावं सरकून गेली. बाजूनं त्र्याऐंशी, विरोधात एक्याऐंशी. पिंट्याचं नाव दोन्हीकडे नव्हतं.

थोड्या वेळानं फोन वाजला. सुनेनं स्पीकर लावला.

"आई, मी बाजूनं मत दिलेलं नाही हं. आधी हे ऐक."

"विरोधात दिलंस?"

"घंटा झाली तेव्हा मी बाहेर होतो."

"बाहेर कुठे?"

"आता काय सगळं सांगू का? बाथरूममध्ये. हात धूत होतो."

"किती वेळ?"

तो हसला. त्याच्या शेजारी आणखी कुणीतरी हसलं. "अगं, दोन मतांचा फरक होता. माझ्या एकट्यानं काय होणार होतं? पुढचं तिकीट तेवढं गेलं असतं. तू चौकट कोरी ठेव. आणि तिला समजावून सांग जरा..."

"ऐकतेय ती."

पलीकडून नुसता गलका येत राहिला. मग फोन बंद झाला.

"कधीपासून बंद होणार?" सुनेनं विचारलं.

"एक तारखेपासून."

"माझी तर अकरा दिलीय."

"हो."

"मोठं इस्पितळ किती लांब?"

"दोन तास. रस्ता बरा असला तर."

सुनेनं खुर्चीवरचे पाय खाली घेतले. चप्पल चढेना, म्हणून तशीच बसून राहिली. सिस्टरांनी वाकून चप्पल तिच्या पायात सरकवली. वहीतली चौकट त्यांनी कोरी ठेवली, वही मिटली आणि लाल पेन्सिल घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या. तिथे कॅलेंडर होतं. त्यांनी पुढच्या महिन्याचं पान काढलं, अकरावर बोट ठेवलं आणि मागे मोजत आल्या. चारवर थांबल्या.

"पहिलटकरणीचा भरवसा नसतो," त्या म्हणाल्या, आणि बोट आणखी एक घर मागे घेतलं. "माझ्याबरोबरची एक सिस्टर राहते त्या मोठ्या इस्पितळाजवळ. तिच्याकडे जाऊन राहू."

"ह्यांना विचारायला नको?"

सिस्टरांनी तीन तारखेभोवती गोल काढला. टोक नवं होतं. कागद थोडा फाटला.