अडतिसावा आठवडा

डॉक्टर पाटकरांनी पडदा मालविकाकडे वळवला. "आठवडा निवडा. त्या आठवड्यात जन्मलेलं तुमचं मूल पाचव्या वर्षी कसं असेल, ते दिसेल."

बाळाच्या कण्याला भेग होती आणि गर्भजल तिथल्या, पायांकडे जाणाऱ्या नसा रोज थोड्या थोड्या निकामी करत होतं. मुलगा की मुलगी ते कळू नये म्हणून पडद्यावरचा चेहरा पुसट ठेवला होता.

मालविकाने पंचविसाव्या आठवड्यावर बोट ठेवलं. मूल अंगणात धावलं. पुन्हा ठेवलं, तर अंगण रिकामं होतं.

"इतक्या लवकर फुप्फुसं कच्ची राहतात," डॉक्टर म्हणाले. "दहातली चार जगत नाहीत."

अडतिसाव्यावर मूल प्रत्येक वेळी होतं, चाकांच्या खुर्चीत, पेरू खात.

तिने अडतीस दाबलं आणि सही केली.

बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी पदर सावरला. "मग बारशाला पायातले वाळे नकोत. हातातल्या बिंदल्याच करू."

मालविका जिन्याकडे निघाली. जिन्यापाशी पोटात लाथ बसली, नेहमीसारखी जोरात.

"वाळेही करायला टाका, आई," ती म्हणाली. "पाय अजून हलताहेत."