तोंडी परीक्षा

आता नऊवारी नेसून, नथ घालून एम.ए.च्या तोंडी परीक्षेला कुणी येतं का? रेवती आली होती. अंधेरीच्या त्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावरच्या बाकावर, जीन्स घातलेल्या पोरापोरींच्या मधोमध ती बसली होती आणि येणारा-जाणारा तिच्याकडे एकदा तरी वळून बघत होता.

करणार काय बिचारी? घरी सांगितलं होतं, मुलुंडला मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा आहे, आमचा ग्रुप उतरतोय. दोन वर्षं शनिवारच्या वर्गांना घरात हेच नाव होतं, ‘प्रॅक्टिस’. सासूबाईंना, वनमालाबाईंना, सुनेचं हे वेड भारी पसंत. आज त्यांनी स्वतः उभं राहून साडी चापूनचोपून नेसवली, जागोजाग पिना लावल्या. शिवलेली नऊवारी त्यांना चालत नाही. पिशवीत पंजाबी ड्रेस होता, पण एकदा सोडलेली ही साडी परत कोण नेसवणार? आली तशीच, मेट्रोने.

मांडीवर तिचा प्रकल्प होता. जुन्या अमेरिकन कादंबऱ्यांतल्या बायका आणि त्यांची सुटकेची धडपड. तिच्या गाईड जयंती मॅडम म्हणाल्या होत्या, झकास झालाय, घाबरू नकोस. तशी परीक्षेला ती घाबरत नव्हतीच.

मोबाइल थरथरला. नवऱ्याचा, सुयोगचा मेसेज. ‘सरप्राइज! आईला घेऊन हॉलवर आलोय.’ खाली फोटो. पहिल्या रांगेत वनमालाबाई, केसात गजरा, चेहरा नुसता फुललेला.

सासूबाईंचे गुडघे धरलेत, त्या कुठल्या येतायत, या भरवशावर तर सगळा खेळ मांडला होता. ‘तुमचा ग्रुप कितवा?’ पुन्हा मेसेज. ‘अगं कुठेयस?’ मग फोन. तिने वाजू दिला. परत फोन. शेवटी घ्यावाच लागला.

“आयोजकांना विचारलं,” सुयोग म्हणाला. “तुझं नाव कुठल्याच ग्रुपमध्ये नाही.”

अशा वेळी पटकन दुसरं खोटं सुचायला हवं. मेलं एक सुचेना.

“मी अंधेरीला आहे. एम.ए.ची परीक्षा आहे माझी.”

पलीकडे हॉलमधल्या टाळ्या आणि फुगड्यांचा गलका ऐकू येत होता.

“कधीपासून चाललंय हे?”

“दोन वर्षं.”

“बरं.” आवाज अगदी नेहमीसारखा. “लोकेशन पाठव. आणि खाली गेटवर येऊन थांब. आलोच.”

सुयोग चिडत नाही, हीच तर रड आहे. मागे एकदा ती बी.एड. करते म्हणाली, तर त्याने तिच्या हातचं जेवण सोडलं. आरडाओरडा नाही, काही नाही. रोज बाहेरून डबा मागवायचा, तिच्यासमोर बसून खायचा आणि त्यातलाच घास दिशाला, पोटच्या पोरीला, भरवायचा. “आईला वेळ नाही ना बाळा आपल्यासाठी.” पुढे पुढे दिशाही तिच्या ताटाला हात लावेना. शेवटी रेवतीनेच हात जोडले. बी.एड.चं नाव पुन्हा काढलं नाही.

तिने लोकेशन पाठवलं. मग उठून जिन्यापर्यंत गेली आणि तिथेच कठड्याला धरून उभी राहिली. तिच्या आधीचा मुलगा आत गेला, बऱ्याच वेळाने बाहेर आला. शिपायाने तिचं नाव पुकारलं. खाली उतरायच्या पायऱ्या समोर होत्या. पुन्हा नाव पुकारलं. देवाचं नाव घेऊन ती वळली आणि आत शिरली.

आत जयंती मॅडम होत्या आणि बाहेरून आलेले परीक्षक, धारप सर.

“वा! प्रकल्प जुन्या काळच्या बायकांवर आणि पोशाखही जुन्या काळचाच की,” सर हसले. मॅडमही हसल्या. रेवतीला काही हसू आलं नाही.

“तुम्ही लिहिलंय,” सर पानं उलटत म्हणाले, “या बायका एका क्षणात ठरवतात आणि उंबरा ओलांडतात.”

“ते चुकलंय सर.”

जयंती मॅडमनी चमकून पाहिलं.

“एका क्षणात काही होत नाही. त्या आधी मनातल्या मनात शंभरदा घरी परत येऊन बघतात. दार कोण उघडेल, पोरगी जवळ येईल का, मी वाढलेलं कुणी खाईल का. जायला काय, कुणीही जाईल सर. परत जायची भीती असते. कादंबरीत तिथे पान संपतं. त्यांचं बरं असतं.”

सरांनी पेन खाली ठेवलं. मग विचारतच राहिले. रेवती बोलत होती. एक शब्द अडत नव्हता. आपल्याला असं बोलता येतं हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

मांडीवरचा मोबाइल उजळला. ‘गेटवर आहे.’ पाठोपाठ दुसरा. ‘आई गाडीत बसलीय. ये.’

“उत्तम!” धारप सरांनी प्रकल्प मिटला. “फार दिवसांनी असं ऐकलं. झालं तुमचं, या आता.”

रेवती उठली नाही.

“अगं, झालं,” जयंती मॅडम हळूच म्हणाल्या. “जा, घरी सांग. खूश होतील.”

रेवतीने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

“सर,” ती म्हणाली, “अजून एखादा प्रश्न विचारा ना.”