फ्रीजमधलं पीठ

"फेकून द्या ते," ती म्हणाली. "वास यायला लागला असेल."

ताईंनी फ्रीजमधून काढलेला काचेचा वाडगा ओट्यावर ठेवला, झाकण उचललं आणि नाक जवळ नेलं.

"आंबूस येतोय. यायलाच हवा. फेकायचं कशाला? भाजूया."

ती स्टुलावर बसून होती. नवरा गेल्यापासून ती अशीच कुठे ना कुठे नुसती बसलेली असे. रडू येत नव्हतं. लोक भेटायला येत, बोलत, निघून जात. तिला सगळं काचेपलीकडचं वाटे.

पीठ नवऱ्याने भिजवलं होतं, त्या शेवटच्या सकाळी, कामावर जाण्याआधी. त्याला फोकाच्या करायचा होता. तेलात न्हालेला, वर बोटांचे खड्डे पाडलेला तो जाडसर पाव म्हणजे त्याचा जीव की प्राण. पीठ फ्रीजमध्ये सावकाश मुरलं की चव खुलते, म्हणायचा. लिफ्टदुरुस्तीचं काम त्याचं, निम्मा आठवडा दुसऱ्या शहरात. पण घरी असला की ओव्हन त्याचा. बायकोला तिथे मज्जाव. त्या दुपारी कामावरच छातीत कळ आली आणि खेळ आटोपला.

"ह्यांनी मळलंय ते," ती म्हणाली. "मला नाही जमायचं. मी कधी हातच लावला नाही."

"तुला कोण सांगतंय? तू बस."

ताई अंत्यविधीच्या दिवशी एक पिशवी घेऊन आल्या होत्या. "मी त्याची मावसबहीण," एवढंच म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात शिरल्या. आपल्याला जवळचं कुणी नाही, असं नवरा नेहमी सांगायचा. पण माणूस गेला की कुठली कुठली नाती उगवतात. तिने काही विचारलं नाही. विचारण्याचं त्राणही नव्हतं. ताईंनी घर हातात घेतलं. तिला आंघोळीला पिटाळलं, समोर बसून चार घास खायला लावले. स्वतः मात्र ताटात नुसती बोटं फिरवत.

शेजारच्या काकू दूध घेऊन आल्या. ताईंना बाह्या सरसावलेल्या पाहून म्हणाल्या, "नणंद असावी तर अशी! आमची एक आहे, ती येते ते फक्त डब्यांवरची धूळ बघायला."

ताई हसल्या नाहीत. पातेलं घेतलं आणि दार लोटलं.

त्यांनी ट्रेमध्ये तेल ओतलं, त्यात पीठ अलगद ओघळू दिलं आणि वर फडकं टाकलं. दुपार कलेपर्यंत ते फुगून ट्रेच्या कडांना टेकलं.

"तुमच्या घरी वाट बघत असतील, ताई," ती म्हणाली. "माझ्यापायी किती दिवस अडकून पडलात."

"माझी वाट बघायला कुणी नाही."

"आणि तुमचे मिस्टर?"

"गेले."

"अरेरे. मला माहीतच नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार?" ताईंनी दहाही बोटं तेलात बुडवली आणि पिठात खुपसली. थेट तळापर्यंत. मग एका ओळीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी. पीठ बुडबुडे सोडत दबत गेलं.

ती बघत राहिली. "अगदी ह्यांच्यासारखं करता तुम्ही. लहानपणी तुम्हीच शिकवलंत वाटतं ह्यांना?"

"छे. त्यानेच शिकवलं मला."

"कधी?"

"झाली की बरीच वर्षं. ओव्हन तापलाय का बघ जरा."

ती उठली. त्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलेलं काम तिच्या हातून झालं.

पाव ओव्हनमध्ये गेला. हळूहळू भाजल्या पिठाचा नि तेलाचा वास स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत गेला, दाराआड टांगलेल्या त्याच्या कोटापर्यंत गेला. ती ओट्याला धरून उभी राहिली आणि हुंदका फुटला तो थांबेचना. ताईंनी तिला जवळ ओढलं. समजावलं नाही, की पाठीवरून हात फिरवला नाही. नुसतं घट्ट धरून ठेवलं.

"मी नसते आले तर बरं झालं असतं का गं?" ताईंनी मध्येच विचारलं.

"असं काय बोलता? तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं?"

ताईंनी मिठी सोडवली आणि ओव्हनमध्ये डोकावून पाहिलं.

पाव निघाला तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं. दोघी टेबलाशी समोरासमोर बसल्या. सुरी न लावता ताईंनी गरम कोपरा तोडला, निम्मा तिला दिला, निम्मा स्वतःच्या तोंडात टाकला. इतक्या दिवसांत त्यांना मनापासून खाताना ती प्रथमच पाहत होती.

ताई चावता चावता थांबल्या. डोळे मिटले.

"काय झालं, ताई?"

"खारट," ताई म्हणाल्या. त्या किंचित हसत होत्या, आपल्याच घरात बसल्यासारख्या. "लग्न झालं तेव्हापासून सांगतेय ह्यांना, मिठाला जरा हात आवरा म्हणून."